कपावरचं इंजिन

आमच्या कुर्डुवाडीच्या शाळासोबत्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेल्या महिन्यात चांगलाच वाद झाला. गावातल्या एका तरुणाने बार्शी लाइट या जुन्या छोट्या रेल्वेच्या उरल्यासुरल्या खुणांचे सुरेख फोटो काढलेत आणि ते कप, कापडी पिशव्या, कॅलेंडरांवर छापून विकायचं त्याच्या मनात आहे. "वारशाचा बाजार मांडू नकोस," असं दोघातिघांनी त्याला सुनावलं. मी त्या पोराच्या बाजूची आहे.

मी राहते ते डुरँगो गाव कोलोरॅडोच्या डोंगरात आहे. रेल्वे कंपनीनेच ते १८८० मध्ये वसवलं. १८८२ च्या जुलैत इथून सिल्व्हरटनच्या खाणींपर्यंत ४५ मैलांची, रुळांमध्ये तीन फूट अंतर असलेली रेल्वेलाइन पोचली. खाणींचा धंदा संपला, गाडी मात्र पर्यटकांना घेऊन अजून धावते. तिचे फोटो इथे कपापासून उशीच्या अभ्र्यापर्यंत सगळ्यावर मिळतात.

माझ्या ओट्यावर त्यातलाच एक कप आहे. रॉकवुडच्या पुढे कड्याला चिकटून गाडी वळतेय, खाली खोल अ‍ॅनिमस नदी, आणि इंजिनातला माणूस कोपर बाहेर काढून मागच्या डब्यांकडे बघतोय. कप उचलला की शेवटचा डबा बोटांखाली झाकला जातो. बुडाशी फोटोग्राफरचं नाव आहे, जागेचंही.

यात नवं काही नाही. विल्यम हेन्री जॅक्सनने १८८० च्या दशकात रेल्वेसाठी या दरीचे फोटो काढले. पुढे डेट्रॉइटच्या एका कंपनीने त्याच्या निगेटिव्हवरून रंगीत चित्रं आणि पोस्टकार्डं छापून विकली. तेव्हाचा तो विकाऊ माल आज अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयात जपून ठेवलाय. आपल्याकडे तरी काय झालं? राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये घाटकोपरला छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. माझ्या आजीच्या देवघरातली लक्ष्मी छापील होती. तरी तिच्यापुढचा दिवा कधी चुकला नाही.

विरोध करणाऱ्यांचं एक म्हणणं मात्र मला पटतं. मी एकदा ऑनलाइन 'माथेरान' लिहिलेला कप मागवला. आला तो दार्जिलिंगच्या गाडीचा! इंजिनाच्या नाकाडावर रुळांवर वाळू टाकणारी माणसं बसलेली स्पष्ट दिसत होती. विकणाऱ्याला दोन्ही सारखंच. असा माल गावाची ओळखच पुसतो. आणि डुरँगोच्या कपांवर तरी सगळं कुठे असतं? हे डोंगर इथल्या मूळ रहिवासी यूट लोकांचे होते, १८७३ च्या करारात ते त्यांच्या हातून गेले. गाडीचे इतके फोटो पाहिले, पण त्यांचं नाव मला एकाही कपावर दिसलेलं नाही. याचं मला खरंच वाईट वाटतं.

बार्शी लाइट एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने उभी केली, १८९७ मध्ये ती सुरू झाली. पंढरीच्या वाटेवरच्या किती वारकऱ्यांना तिने नेलं! आता ती अडीच फुटी लाइन उखडून ब्रॉडगेज झाली. माझे वडील कुर्डुवाडीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. त्यांचा कामावरचा एकच फोटो आमच्याकडे आहे, हातात पाना आणि डोळे अर्धे मिटलेले. असे फोटो गावात घरोघरी, ट्रंकांच्या तळाशी पडून असतील. वारसा जपायचा म्हणणाऱ्यांनी आजवर त्यातला एक तरी मागितला का?

म्हणून त्या पोराला माझं सांगणं आहे. अरे, जरूर छाप. तुझ्या फोटोंबरोबर या लोकांचेही फोटो घे, घरच्यांना विचारून, त्यांचं नाव खाली घालून, आणि पैशातला वाटा त्यांना देऊन. वडिलांचा फोटो मी स्कॅन करून पाठवते. दोन कप माझ्यासाठी बाजूला ठेव, एक इकडे पाठव आणि एक आईला घरी नेऊन दे. तिचा चष्मा जाड झालाय, तेव्हा 'कुर्डुवाडी' जरा मोठ्या अक्षरात घाल.