‘भातात जंतूचं जनुक’ या संदेशाला उत्तर

ग्वाल्हेरच्या आपल्या मराठी ग्रुपांवर एक संदेश फिरतोय: ‘शास्त्रज्ञांना भाताचं उत्पन्न ठरवणारं जनुक सापडलं, ते जंतूतून काढून भातात घातलं, उत्पन्न दुप्पट होणार, जुनं बियाणं संपलं.’ डबऱ्याकडे धान लावणाऱ्यांनीही तो पुढे पाठवलाय, म्हणून लिहिते आहे.

‘उत्पन्न ठरवणारं जनुक.’ असं एकच जनुक नाही. फुटवे किती, लोंबीला दाणे किती, दाणा किती भरतो, यावर उत्पन्न ठरतं आणि यातल्या प्रत्येकामागे अनेक जनुकं असतात. नुसत्या दाण्याच्या लांबी-रुंदीचीच कितीतरी सापडली आहेत.

‘जंतूतून काढून घातलं.’ हे साफ चूक आहे. लोंबीतले दाणे वाढवणारं एक जनुक जपानमध्ये २००५ साली हाती लागलं. दाट लोंबीचा हाबाताकी आणि तिथला लाडका कोशिहिकारी या भाताच्या दोन वाणांचा संकर केला. पुढच्या पिढीत एकेक रोपाच्या लोंबीतले दाणे मोजले आणि जास्त दाण्यांच्या रोपांत हाबाताकीच्या गुणसूत्राचा कोणता तुकडा हमखास सापडतो, ते पाहिलं. शोध पहिल्या गुणसूत्रावर येऊन पोचला. तिथलं जनुक सायटोकायनिन हे वाढीचं संप्रेरक मोडणारं विकर (एन्झाइम) बनवतं. हाबाताकीत ते कमी काम करतं, त्यामुळे लोंबी धरते त्या कोंबात संप्रेरक साठतं आणि जास्त फुलं येतात. म्हणजे बाहेरून काही घातलेलं नाही, भाताच्या अंगचाच एक लगाम सैल झाला.

मे २०२५ मध्ये जाहीर झालेल्या ‘कमला’ वाणात हेच जनुक आहे. हैदराबादच्या भात संशोधन संस्थेने सांबा महसुरी या भाताच्या वाणातल्या या जनुकात क्रिस्परने, म्हणजे जनुक नेमक्या जागी कापण्याच्या तंत्राने, बदल केला. क्रिस्परची कात्री मूळची जंतूंचीच, बहुधा अफवेचं मूळ तिथेच असावं. पण काम झाल्यावर पुढच्या पिढीत ती कात्री नसलेली रोपंच निवडतात.

‘उत्पन्न दुप्पट.’ जाहीर झालेला आकडाच सुमारे १९ टक्क्यांचा आहे! तोही शेतकऱ्याच्या बांधावर टिकेल का, हा प्रश्न रास्त आहे. फुलं जास्त आली तरी पाणी, खत, ऊन कमी पडलं की पळींज, म्हणजे न भरलेले पोकळ दाणेच, हाती येते. सगळ्या ठिकाणच्या, सगळ्या वर्षांच्या चाचण्यांची आकडेवारी खुली करा, असं म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी आहे.

‘जुनं बियाणं संपलं.’ संदेशातलं सगळ्यात घातक वाक्य हेच. १९६६ चा आयआर-८ हा भाताचा वाण बुटका झाला तो तैवानच्या एका जुन्या वाणामुळे. बुटकेपणाचं जनुक नेमकं कोणतं, हे २००२ मध्ये कळलं, तोवर शेतकरी त्याचं पीक कित्येक वर्षं घेत होते. पुरात बुडूनही तग धरणारं जनुक ओडिशाच्या एका जुन्या वाणात निघालं आणि त्यावरून स्वर्णा-सब१ हा वाण तयार झाला. ही बियाणी कुणी टाकून दिली असती तर शोधायला काही उरलंच नसतं. तेव्हा घरात किंवा कोकणातल्या नातेवाइकांकडे जुन्या साळीचं बी असेल तर ते दरवर्षी थोडं तरी पेरा, कारण नुसतं साठवलेलं बी उगवेनासं होतं. दिल्लीच्या राष्ट्रीय जनुकपेढीत असे वाण जतन करतात, तिथेही मूठभर पाठवता येईल.