एकोणीस फुटी की चोवीस फुटी

मिशिगनमध्ये 11 हजारांहून जास्त तळी आहेत, त्यातलं एक आमच्या घरापासून दहा मिनिटांवर, आणि तरी आम्ही इतकी वर्षं काठावर सतरंजी टाकून इडली-चटणीच खातोय, हे एका जूनमध्ये अचानक माझ्या जिव्हारी लागलं. झालं, सेकंडहँड बोटी बघायला सुरुवात.

चार शनिवार गेल्यावर दोन उरल्या. एक 19 फुटी, उघडी, नाळेत (म्हणजे पुढच्या टोकाला) सुद्धा बसायला सीट असलेली. दुसरी 24 फुटी, पुढे छोटीशी केबिन, त्यात गादी आणि एक संडास (डबाच तो, पण झाकण होतं). किंमतीत फरक फक्त दीड हजार डॉलरचा! म्हणजे वरचे पाच फूट तीनशे डॉलर फुटाने, फुकटच की, असा हिशोब मी बायकोसमोर मांडला.

ती म्हणाली, "ओढणार कोण?"

आमची सिएना व्हॅन ओढते 3500 पाउंड. मोठी बोट ट्रेलरसकट साडेसहा हजाराच्या घरात, म्हणजे आधी ट्रक घ्या, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. छोटी जेमतेम बसत होती, पेट्रोलची टाकी अर्धी ठेवली तर. पण मन काही ऐकेना हो, केबिन डोळ्यासमोरून जाईना.

तेव्हा बाबा गुहागरहून सहा महिन्यांसाठी आले होते. त्यांना घेऊन मोठी बोट परत बघायला गेलो. मालक आजोबा फार गोड माणूस, बोट कायम गोड्या पाण्यात, मिठाचा थेंब लागलेला नाही म्हणाले, आणि पंखा चालू करून आम्हाला थांबायला सांगितलं. बाबांनी विचारलं, पंखा कशाला? मी म्हटलं इंजिनच्या खणात पेट्रोलची वाफ साठते, ती चार मिनिटं बाहेर काढायची, नाहीतर स्फोट होऊ शकतो. बाबा ती चार मिनिटं शांतपणे रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहिले.

परत आले ते खिशातून घराची किल्ली काढूनच. बोटीच्या मागच्या भिंतीवर, जिला इंजिनचा सगळा भार असतो, तिथे फणस बघतात तसं टकटक करत सरकले. टण, टण, टण, आणि मग एकदम बद्द. परत बद्द.

"आत कुजलीय रे ही."

बाहेरून चकाचक फायबर, आत प्लायवूड, स्क्रूच्या भोकातून वर्षानुवर्षं पाणी मुरलेलं. आजोबांना मराठी येत नव्हतं पण चेहरा पडला बिचाऱ्यांचा, आणि मला दीड हजाराचं गणित उलगडलं.

छोटी सगळीकडे टणटण वाजली. घेतली.

मग कळलं की आमच्या सोसायटीत घरासमोर बोट लावायला बंदी, आणि गॅरेज 20 फूट. ट्रेलरचा दांडा घडीचा निघाला म्हणून नशीब, तिरकी घातली तर दार लागतं, फक्त सिएना बाहेर बर्फात. ऑक्टोबरात इंजिनातलं पाणी काढून अँटिफ्रीझ भरलं, नाहीतर गोठून ब्लॉक तडकतो, आणि ताडपत्री ओढणार इतक्यात बायको खोके घेऊन उभी. गणपतीचं मखर. त्याची जागा बोटीने खाल्ली होती.

आता ते नाळेतल्या सीटवर आहे, लाइफ जॅकेट घातलेलं, कारण थर्माकोल फार लवकर तुटतो.