पक्षाघातानंतर ‘डॉक्टर वर्षातून एकदाच’? हा मेसेज कृपया पुढे पाठवू नका

गेल्या रविवारी मावशीकडे नारायण पेठेत गेले होते. तिच्या गोळ्यांचा डबा सहज उघडला, तर बीपीच्या गोळीची पट्टी जवळजवळ तशीच. दहातल्या आठ गोळ्या जागेवर, आणि पट्टी आणून महिना झालेला. विचारलं तर तिने डाव्या हाताने फोन पुढे केला. दीड वर्षापूर्वीच्या पक्षाघातापासून उजवा हात तिला अजून पुरती साथ देत नाही. म्हणाली, “हे वाच. ज्येष्ठ नागरिक संघाच्या ग्रुपवर आलंय. आता गरज नाही म्हणे.”

मेसेज थोडक्यात असा: पॅरालिसिसचा पेशंट घरी आला की फॅमिली डॉक्टरकडे खेटे घालू नका, त्यांना मेंदूतलं काही कळत नाही. वर्षातून एकदा न्यूरोला (मेंदूच्या डॉक्टरला) दाखवा, बास. परदेशातही असंच करतात. बीपी नॉर्मल आलं की गोळी बंद करा, नाहीतर किडनी जाते. रोज तेलाने मालिश करा. पुन्हा झटका आला तर आधी दहाही बोटांना सुई टोचून रक्त काढा, मगच हॉस्पिटलला न्या. खाली कुणा डॉक्टरचं नाव नाही, तारीख नाही. ‘दहा जणांना पाठवा’ एवढं मात्र आहे.

आधी गोळीचं बोलते, कारण माझ्या मावशीने तीच बंद केली होती. बीपी नॉर्मल आलं ते गोळी चालू होती म्हणून. ती थांबवली की काही दिवसांत ते पुन्हा चढतं, आणि चढताना दुखत-खुपत नाही, त्यामुळे माणसाला वाटतं सगळं ठीक आहे. ‘पण मला आधीपासून बीपीच नव्हतं’ असं म्हणणाऱ्यांसाठी सांगते. २००१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ‘प्रोग्रेस’ नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पक्षाघात किंवा त्याचा छोटा झटका येऊन गेलेले ६१०५ लोक, सुमारे चार वर्षं पाहिलेले. निम्म्यांना बीपी कमी करणारं औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. औषध नसलेल्यांपैकी शंभरात १४ जणांना पुन्हा झटका आला, औषधवाल्यांपैकी १० जणांना. आणि हा फायदा ज्यांचं बीपी मुळात वाढलेलं नव्हतं त्यांनाही झाला. शंभरात चार माणसं! तुमच्या संघाच्या ग्रुपवर झटका येऊन गेलेले किती जण आहेत ते मोजा आणि मग सांगा गोळी बंद करा म्हणून.

किडनीचं म्हणाल तर वाढलेलं बीपीच किडनी खराब करतं. यात अर्धं खरं एवढंच की बीपीच्या काही गोळ्या सुरू केल्यावर रक्तातलं क्रिएटिनिन (त्यावरून किडनीचं काम कळतं) आणि पोटॅशियम तपासावं लागतं. ते मी मान्य करते. पण मग ती तपासणी लिहून देणार कोण, रिपोर्ट बघून डोस बदलणार कोण? ज्याच्याकडे जाऊ नका म्हणता, तोच फॅमिली डॉक्टर.

सोमवारी संध्याकाळी मावशीला घेऊन त्यांच्याकडेच गेले. दवाखाना जुन्या वाड्यात, पहिल्या मजल्यावर, लाकडी जिना अरुंद. तिला तो चढवत नाही. सिस्टर मशीन घेऊन खाली आल्या आणि रिक्षात बसूनच बीपी घेतलं. मावशीने सवयीने उजवा दंड पुढे केला, तर म्हणाल्या, “तो नाही मावशी, चांगला हात द्या.” अशक्त हातावर आकडा फसवू शकतो, हे त्यांना ठाऊक होतं. बीपी निघालं १७२/९८. मग डॉक्टर स्वतः खाली आले. नाडी बोटांनी पूर्ण मिनिटभर पाहिली, कारण ठोके अनियमित असतील तर हृदयात गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ शकते. पाणी पिताना ठसका लागतो का, रात्री झोप लागते का, रडू येतं का, असं विचारलं. शेवटी गुडघ्यासाठी मेडिकलमधून काही आणून घेता का हेही विचारलं. मावशी घेत होती. रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर तसली वेदनाशामक पोटात रक्तस्राव करू शकते, शिवाय बीपी चढवते. ती तिथल्या तिथे बंद झाली. वर्षातून एकदाच्या भेटीत हे कधी कळलं असतं?

न्यूरोलॉजिस्ट लागतातच, त्यांना पर्याय नाही. आणि काही दवाखान्यांत बीपी न मोजताच ‘तेच चालू ठेवा’ लिहितात, हेही मी पाहिलंय. तिथे आपणच हात पुढे करून मोजायला लावायचं. जाणं बंद करायचं नाही.

परदेशाचा दाखला तर निव्वळ अर्धवट आहे. ब्रिटनमध्ये सहा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी होतो तो पूर्ण आढावा. मधल्या काळात बीपी, रक्ततपासणी, औषधं हे फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यातली नर्स बघते. आपल्याकडे तशी नर्स क्वचित, म्हणून डॉक्टरकडे जाणं जास्तच गरजेचं. साधारण हिशोब असा: घरी आल्यावर आठ-पंधरा दिवसांत पहिली भेट, बीपी १३०/८० च्या खाली स्थिरावेपर्यंत दर महिन्याला, नंतर तीन महिन्यांनी.

मालिश करायची तर हलक्या हाताने करा, कातडीला बरं वाटेल. मेंदूतली गुठळी त्याने विरघळत नाही, आणि अशक्त खांदा ओढला तर तो आणखी दुखतो.

सुईचा प्रकार मात्र जिवावर बेतणारा आहे. बोटातून रक्त काढून मेंदूतली गुठळी निघत नाही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही ना हे बघावं लागतं. दहा बोटं टोचत बसाल तेवढा वेळ त्यातून जातो. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतंय असं दिसलं की १०८ लावा किंवा मिळेल त्या गाडीने सीटीची सोय असलेलं हॉस्पिटल गाठा.

सोमवारी रात्री मावशीने संघाच्या ग्रुपवर स्वतःच्या आवाजात मेसेज टाकला. झटक्यापासून तिचे शब्द अडतात, त्यामुळे मिनिटभर लागलं: “गोळी मी बंद केली होती. माझं बीपी एकशे बाहत्तर निघालं. तुम्ही केली असेल तर उद्याच जाऊन मोजून या.” रात्री दहापर्यंत तीन फोन आले. त्यातल्या एका आजोबांची गोळी दोन महिन्यांपासून बंद होती.