परसात सापडलेलं गुप्तधन आणि एक फसवा मेसेज

जुन्या वाड्याच्या परसात मेटल डिटेक्टर फिरवा, पन्नास फुटांवरचं सोनंही कळतं. जागा आपली म्हणजे सापडेल ते आपलं. सरकारला कळवलंत तर सगळं जातं. नाणी चिंचेने घासून लखलखीत केलीत की लाखांना विकली जातात. असा एक मेसेज सध्या घरोघरी पोचतो आहे. मी गेली कित्येक वर्षं जुनी नाणी जमवतो. या चारही गोष्टी चुकीच्या आहेत आणि त्यातली तिसरी सर्वांत जास्त नुकसान करते.

पन्नास फुटांचं आधी उरकतो. हौशी लोकांकडच्या यंत्राची चकती जमिनीत चुंबकीय क्षेत्र सोडते आणि धातूकडून उलट येणारा क्षीण प्रतिसाद टिपते. खोली वाढली की तो झपाट्याने विरतो. सुटं नाणं वीतभर, फार तर फूटभर खोलीवर कळतं. त्यात आपली बेसाल्टची माती आणि कोकणातला जांभा लोहाने भरलेले, त्यामुळे नुसती मातीच यंत्राला गोंधळात पाडते. वाड्याच्या परसात हाती लागतात ते बहुतेक खिळे, पत्र्याचे तुकडे आणि बाटल्यांची झाकणं.

‘जागा आपली, धन आपलं’ हे तर कायद्यालाच धरून नाही. भारतीय निखात निधी अधिनियम, म्हणजे गुप्तधनाचा कायदा, 1878 सालचा आहे आणि आजही लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली की काय, कुठे आणि कधी सापडलं हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर सापडणाऱ्याचा हिस्सा सरकारजमा होतो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

मात्र कळवलं की सगळं जातं, हे साफ खोटं आहे. त्याच कायद्यानुसार जिल्हाधिकारी जाहीर नोटीस काढून हक्कदारांना बोलावतात. मागच्या शंभर वर्षांत कुणी ते पुरलं असेल तर त्याला किंवा त्याच्या वारसांना दावा करता येतो. निधी बेवारस ठरला आणि जागामालक वेगळा असला, तर आपसात काही ठरलेलं नसताना तीन चतुर्थांश सापडणाऱ्याचे, उरलेला हिस्सा मालकाचा. सरकारला तो स्वतःकडे ठेवायचा असेल तर धातूची किंमत अधिक तिचा पाचवा भाग मोजावा लागतो. संग्राहकांच्या बाजारापेक्षा ही रक्कम कमी असू शकते, हे मान्य. पण भीतीपोटी लोक नाणी सराफाकडे नेऊन आटवतात तेव्हा धातूचीच किंमत मिळते आणि नाणं कायमचं जातं. हे ऐकलं की जीव तुटतो.

कारण नाण्याइतकंच ते कुठे आणि कशासोबत होतं हे मोलाचं असतं. नाशिकजवळच्या जोगळटेंभीला 1906 साली क्षहरात घराण्यातल्या नहपान राजाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी एकत्र मिळाली. त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णी या सातवाहन राजाने आपला छाप उमटवलेला होता. सातवाहनांनी क्षहरातांना हरवल्याचा एवढा ढळढळीत पुरावा एकेक नाणं विकलं गेलं असतं तर कुठून मिळाला असता? उलट बाजू नगर जिल्ह्यातल्या दायमाबाद या प्राचीन वस्तीच्या जागेची. 1974 साली झाडाची मुळं खणताना तिथे चार कांस्यमूर्ती निघाल्या, एकूण साठ किलोंहून जड. त्या पद्धतशीर उत्खननातल्या थरातून आलेल्या नसल्यामुळे त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांमध्ये वाद झाला.

आता चिंच. घासल्याने नाण्यावरचा जुना थर जातो, अक्षरं झिजतात आणि जाणकार ते नाणं बाजूला सारतो. शिवराई या शिवकाळापासूनच्या साध्या तांब्याच्या नाण्याला लाखो मिळत नाहीत, कारण ते मराठी राज्यात पिढ्यान्‌पिढ्या पाडलं जात होतं. शिवाय शंभर वर्षांहून जुनं नाणं 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं. त्याच्या विक्रीच्या धंद्याला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही.

जोतं खणताना गाडगं लागलंच तर खोदकाम तिथेच थांबवा, आतलं काही धुऊ नका, जागेवरच फोटो काढा, खोली मोजून ठेवा आणि त्याच दिवशी जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज देऊन त्याची पोच घ्या.