मिस्त्रींची एक ओळ मॅन्युअलमध्ये जायला पाच महिने का लागावेत?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या वर्कशॉपात एक जुनं मिलिंग मशीन आहे. त्यावर मुक्त सॉफ्टवेअरचा कंट्रोलर बसवलाय. ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्या प्रकल्पाचं नाव घेत नाही, त्या माणसांबद्दल मला आदरच आहे.

मॅन्युअलमधला नमुना प्रोग्रॅम मिस्त्रींनी घेतला, जॉबची मापं आपली घातली, बाकीचं तसंच ठेवलं. टूल नीट वर उचललंच नाही. जॉबवर ओरखडा काढत गेलं आणि मोडलं. नमुन्यात मोकळी उंची, म्हणजे टूल जॉबच्या किती वर उचलायचं ते, झेड ०.१ होती. लिहिणाऱ्याच्या डोक्यात इंच, म्हणजे २.५४ मिलिमीटर. आमचं मशीन मिलिमीटरवर चालतं, त्यामुळे उंची उरली कागदाच्या जाडीएवढी. प्रोग्रॅमच्या डोक्यावर इंच सांगणारा जी२० लिहिलेलाच नव्हता.

मिस्त्रींनी जॉब कार्डाच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहिलं, ‘वर जी२० पाहिजे, नाहीतर टूल जातंय.’ मला म्हणाले, “कळव की रे त्यांना, दुसऱ्याचं तरी वाचू दे.”

मॅन्युअल गिटमध्ये आहे, म्हणजे फाइलींतला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. ती एक ओळ कळवायला खातं काढा, फोर्क करा (सगळ्याची आपली प्रत), क्लोन करा (ती संगणकावर उतरवा), ब्रँच काढा (बदलासाठी वेगळी फांदी), सगळं मॅन्युअल आपल्या संगणकावर बिल्ड करून, म्हणजे फाइलींतून तयार करून बघा. ओळीच्या शेवटी एक स्पेस जादा राहिली म्हणून आपोआप होणारी तपासणी नापास. मी संगणकाचं शिकलोय, तरी दोन रविवार गेले. पुढे पाच महिने कुणाचं उत्तर नाही.

तपासणी काढून टाका असं मी अजिबात म्हणणार नाही. मशीनच्या मॅन्युअलमध्ये चुकीची ओळ गेली तर उद्या कुणाचं बोट जाईल. वेब डेव्हलपर रोज उघडतात ते एमडीएन हे माहितीचं संकेतस्थळ आधी विकी होतं, म्हणजे पानात थेट बदल करता यायचा; डिसेंबर २०२० मध्ये ते गिटहबवर, गिट वापरणाऱ्या साइटवर नेलं, तिथे बदल आधी तपासला जातो. बदल छापण्याआधी कुणीतरी बघावा, हे मला पटतं. पण बघणं वेगळं आणि कळवणाऱ्याला गिट शिकायला लावणं वेगळं. चूक मशीनवर उभ्या माणसाला दिसते. त्याची भाषा मराठी, शेजारच्याची कन्नड, आणि मॅन्युअल इंग्रजीत. त्याच्याकडून कागदाचा फोटो आला तरी घ्या. मांडणी, स्पेस, फाइल हे प्रकल्पातल्या माणसानं बघावं, त्याला ते पाच मिनिटांचं काम आहे. भाषांतरासाठी वेबलेटसारखी सोय आहेच: ब्राउझरमध्ये एकेक वाक्य समोर येतं, गिटचं नावही काढावं लागत नाही. मूळ मजकुराच्या दुरुस्तीलाही तेवढंच सोपं दार हवं. आणि आठवड्याभरात “मिळालं, बघतोय” एवढं तरी कळवा हो.

नावाचंही सांगतो. गिटमध्ये बदल लिहिणारा आणि तो जोडणारा अशी दोन वेगळी नावं राहतात. त्या दुरुस्तीत लिहिणारा म्हणून मी मिस्त्रींचं नाव घातलं. ती अखेर गेली तेव्हा त्यांना मोबाइलवर दाखवली. दोनदा वाचली, मग घरी दाखवायला स्क्रीनशॉट मागितला.

उद्यमबाग, मच्छे, खानापूर, निपाणी, कुठलेही असा, अशी चूक सापडली तर फोटो काढून मला मेसेज करा. मराठीत, कन्नडमध्ये, कसंही. पुढचं मी करतो, नाव तुमचंच लागेल.