अर्जदाराचे दाव्याशी नाते

घर विकायला काढले की आपल्याला पूर्वज होते याची खरी जाणीव होते. तोपर्यंत ते तसबिरीत असतात आणि वर्षातून एकदा हार घातला की आपले कर्तव्य संपते. आमच्या जुन्या वाड्यातील आमच्या वाट्याचा भाग विकायचे ठरले, तेव्हा घेणाऱ्यांच्या वकिलांनी मिळकत पत्रिका, म्हणजे मालकीची सरकारी नोंद, मागवली आणि तिच्यावरील एका बारीक फेरफार नोंदीपाशी त्यांचे बोट थांबले. ‘रे. मु. नं. अमुक, सन १९६७ अन्वये वाटप’ एवढीच ती नोंद होती. “तुमच्या आजोबांनी त्यांच्या धाकट्या भावावर वाटपाचा दावा लावला होता. त्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत आणा, म्हणजे झाले,” असे ते म्हणाले. आजोबा आणि धाकटे आजोबा शेवटपर्यंत एका पंक्तीला जेवत असत, हे आम्हांला लहानपणापासून भावाभावांतील प्रेमाचे उदाहरण म्हणून सांगितले गेले होते. ते जेवत असत हे खरेच असावे. सकाळी न्यायालयात एकमेकांविरुद्ध तारखेला हजर राहून दुपारी शेजारी शेजारी पानावर बसत असत, एवढा तपशील सांगायचा राहून गेला होता.

‘म्हणजे झाले’ हे वकिलांचे शब्द मी विश्वासाने ऐकले. रेग्युलर मुकदमा नंबर म्हणजे दिवाणी दाव्याची ओळख, आणि ती तर पत्रिकेवर लिहिलेलीच होती. अडचण एवढीच होती की लिहिणाऱ्याने शेवटचा आकडा अशा झोकात काढला होता की त्याला १ म्हणावे की ९, याबद्दल घरात दोन पक्ष पडले आणि वाटपाचा दावा नव्याने सुरू होतो की काय असे वातावरण निर्माण झाले.

मुलीचे मत असे पडले की या काळात कोणी न्यायालयात जात नसते, सगळे ऑनलाइन असते. ते बऱ्याच अंशी खरे आहे. न्यायालयांच्या ‘ईकोर्ट्स’ या संगणकीकरण प्रकल्पाच्या संकेतस्थळावर आजच्या प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षरांकांचा एक सीएनआर क्रमांक असतो, त्यात राज्य, जिल्हा, न्यायालय, अनुक्रमांक आणि वर्ष हे सर्व सामावलेले असते, आणि तो टाकला की पुढची तारीखच काय, मागच्या तारखेला काय झाले नाही तेही घरबसल्या वाचता येते. २०१५ पासून तर देशभरातील प्रलंबित प्रकरणांची आकडेवारीही कोणालाही पाहता येते. आम्ही आजोबांचे नाव इंग्रजीत जेवढ्या प्रकारांनी लिहिता येईल तेवढ्या प्रकारांनी लिहिले, वर्ष टाकले, वाकडीतिकडी अक्षरे ओळखून आपण यंत्र नसल्याचे पुन्हा पुन्हा सिद्ध केले, आणि दर वेळी नोंद आढळत नसल्याचे कळले. या ईकोर्ट्स प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला केंद्राने २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर केले असून ३,१०८ कोटी कागदपत्रांचे डिजिटल रूपांतर करायचे आहे, असे मुलीने वाचून दाखवले. त्या ३,१०८ कोटींत आमचा कागद असणारच याबद्दल मला शंका नव्हती, परंतु वाड्याच्या गिऱ्हाइकाला तेवढा धीर असेल असे वाटेना.

शेजारच्या निवृत्त अण्णांनी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकण्याचा सल्ला दिला. त्यांना पाणी, रस्ता, कुत्री आणि जावई या सर्व प्रश्नांवर हाच उपाय सुचतो. परंतु सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे की न्यायालयीन कागदपत्रांच्या प्रती मिळवण्यासाठी न्यायालयाचे स्वतःचे नियम असतील, तर त्याच नियमांच्या वाटेने जावे. ती वाट आमच्या शहरात न्यायालयाच्या तळमजल्यावरच्या नक्कल विभागापाशी, म्हणजे प्रती देणाऱ्या खिडकीपाशी, सुरू होते.

नक्कल विभागाचा छापील अर्ज वाचून माझ्या मनात त्याच्या रचनाकाराविषयी आदर उत्पन्न झाला. दाव्याचा क्रमांक, वादीचे नाव, प्रतिवादीचे नाव, हव्या असलेल्या कागदाचा निशाणी क्रमांक, म्हणजे दाव्यात त्या कागदावर पडलेला क्रमांक, आणि निकालाची तारीख, हे सर्व त्यात भरायचे होते. यांपैकी शेवटच्या दोन गोष्टी ज्या कागदावर असतात तो कागद मिळावा म्हणूनच तर अर्ज करायचा होता. मी ही शंका खिडकीतील बाईंना नम्रपणे बोलून दाखवली. “निकालाची तारीख नसेल तर रेकॉर्डला कसं सापडणार, काका?” त्या म्हणाल्या. त्यांच्या स्वरात त्रास नव्हता, करुणा होती, आणि मला तिचीच अधिक भीती वाटली.

त्यांचे म्हणणे समजायला मला अभिलेख कक्षाच्या, म्हणजे रेकॉर्ड रूमच्या, दारापर्यंत जावे लागले. दाव्याला जो क्रमांक असतो तो दावा दाखल झाला त्या वर्षाचा, परंतु निकाली प्रकरणे कक्षात येतात आणि लागतात ती निकालाच्या महिन्याप्रमाणे. म्हणजे १९६७ चा दावा १९६७ च्या गठ्ठ्यात कधीच नसतो. तो दाखल झाल्यानंतर दोन भाऊ आणि त्यांचे दोन वकील यांच्या उत्साहाप्रमाणे पुढच्या कोणत्याही वर्षी, लाल फडक्यात बांधून, एखाद्या मांडणीच्या वरच्या खणात विश्रांती घेत असतो. पुण्याच्या पेशवे दप्तरात अठराव्या शतकातील हिशेबांचे रुमाल अभ्यासकांना काढून मिळतात हे ठाऊक असल्यामुळे मला वाटत होते की विसाव्या शतकातील वाटपाचा कागद शोधणे त्या मानाने सोपे असेल. पेशव्यांच्या कारभारात माझे आजोबा पक्षकार नव्हते, हा फरक माझ्या लक्षात आला नव्हता.

अभिलेख कक्षातील ज्येष्ठ कर्मचारी मात्र देवमाणूस निघाले. आकडा १ आहे की ९ या वादात त्यांनी क्षणभरही वेळ घालवला नाही. “दोन्ही बघू,” एवढेच म्हणून त्यांनी दाव्यांचे जुने रजिस्टर उघडले. ते रजिस्टर म्हणजे एक समृद्ध वाङ्मय आहे असे माझे मत झाले आहे. बांध, बोळ, सांडपाणी, जिन्याखालची जागा, सामायिक आड, दत्तकाची वैधता, भाडेकरूने बदललेले कुलूप. त्या एका वर्षात आमच्या शहरातील निम्मे नातेवाईक उरलेल्या निम्म्यांना न्यायालयात भेटत होते. ज्या घराण्यांच्या एकोप्याचे दाखले माझ्या लहानपणी दिले जात, त्यांपैकी बहुतेकांची नावे मला तिथे वादी आणि प्रतिवादी म्हणून समोरासमोर बसलेली दिसली. मी वाचत राहिलो असतो, पण त्यांनी पान उलटले. आकडा ९ निघाला. निकालाच्या रकान्यात १९७४ मधील तारीख होती. भावाभावांचे प्रेम सात वर्षे टिकले होते.

तारीख मिळाली आणि मी विजयी मुद्रेने खिडकीशी परतलो, तेव्हा बाईंनी अर्जातील एका रिकाम्या ओळीवर पेन ठेवले. तिथे अर्जदाराचे दाव्याशी नाते लिहायचे होते. पक्षकाराला प्रत मागता येते, त्रयस्थाला मात्र कारण देऊन प्रतिज्ञापत्रासह अर्ज करावा लागतो आणि न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. पक्षकार आजोबा होते आणि ते १९८० च्या दशकातच वरच्या न्यायालयात गेले. मग मी कोण? ज्यांच्या खांद्यावर बसून मी जत्रा पाहिली त्यांना मी त्रयस्थ नाही, हे सिद्ध करण्यासाठी आजोबांचा मृत्यू दाखला, वडिलांचा मृत्यू दाखला, दोघांचे नाते दाखवणारा कागद आणि माझे वडिलांशी असलेले नाते दाखवणारा कागद असा वंशवृक्ष उभा करावा लागला. शाळेच्या दाखल्यावर वडिलांच्या नावात एक वेलांटी ऱ्हस्व होती. तिच्यासाठी वेगळे प्रतिज्ञापत्र करावे लागले. न्यायालयाच्या आवारातील झाडाखाली बसणाऱ्या टंकलेखकाने ते मला न विचारता, तोंडपाठ टंकून दिले. त्याच्या अनुभवाप्रमाणे महाराष्ट्रातील एकाही माणसाचे नाव दोन कागदांवर सारखे नसते.

पुढचे सर्व सुरळीत म्हणजे संथ झाले. कोर्ट फीचे तिकीट लावले, शोधाची फी भरली, पाने मोजून नकलेची फी भरली. उशीर होतो आहे अशी तक्रार मी वकिलांकडे केली तेव्हा त्यांनी कायद्याचे समाधान सांगितले: मुदत अधिनियम, १९६३ च्या कलम १२ प्रमाणे अपिलाची मुदत मोजताना निकालाची प्रत मिळवण्यात गेलेला काळ वगळला जातो. म्हणूनच प्रमाणित प्रतीवर अर्ज केव्हा आला, प्रत केव्हा तयार झाली आणि केव्हा दिली, या तारखांचा शिक्का असतो. प्रत मिळायला वेळ लागणार हे ज्या कायद्याने आधीच गृहीत धरून हिशेबातून वळते केले आहे, त्या कायद्यापुढे तक्रार ती काय करायची? मला अपील करायचे नव्हते, त्यामुळे माझा काळ कोणी वगळला नाही.

दरम्यान आणखी एक कळले. प्रत्येक कागद कायमचा जपला जात नाही. कागदांचे वर्ग असतात, प्रत्येक वर्गाची मुदत असते, आणि ती संपली की कागद रीतसर नष्ट करता येतात. त्यासाठी १९१७ चा एक स्वतंत्र कायदाच आहे. न्यायनिर्णय आणि हुकूमनामा राहिले होते. साक्षीपुरावे, समन्स, तहकुबीचे अर्ज गेले होते. धाकट्या आजोबांनी साक्षीच्या पिंजऱ्यात आमच्या आजोबांविषयी काय सांगितले हे आता कोणालाही कळणार नाही, आणि त्या १९१७ च्या कायद्याने आमच्या घराण्यावर हे मोठेच उपकार केले आहेत.

प्रमाणित प्रत हाती आली तेव्हा तिच्यावर गोल शिक्का, सह्या, तारखा, सर्व काही होते. मी ती पेढ्यांसह वकिलांपुढे ठेवली. त्यांनी पेढा खाल्ला, शेवटचे पान वाचले, आणि पुन्हा पहिल्या पानाकडे गेले. “हा प्राथमिक हुकूमनामा आहे,” ते म्हणाले. “यात कोणाचा हिस्सा किती, एवढंच ठरलंय. प्रत्यक्ष कोणती खोली कोणाला, ते अंतिम हुकूमनाम्यात. त्यासाठी नंतर वेगळा अर्ज झाला असणार. त्याचा नंबर वेगळा असेल.”

अभिलेख कक्षातील ज्येष्ठांना मी हे सांगितले तेव्हा त्यांना मुळीच आश्चर्य वाटले नाही. “वाटपाच्या दाव्यात लोक दोनदा येतात,” ते रजिस्टर काढत म्हणाले. “बसा. चहा घेता का?”