काकाजींची गोळी बंद करायला सांगणाऱ्या मेसेजला

गावच्या ग्रुपवरचा एक मेसेज काकूपर्यंत पोचला अन् तिनं कोणालाही न विचारता काकाजींची अल्झायमरची गोळी, डोनेपेझिल, बंद केली. मेसेज म्हणतो: अल्झायमर म्हणजे निव्वळ बी-१२ची कमी; डॉक्टरची गोळी सोडा; बी-कॉम्प्लेक्स, शेवग्याचा पाला अन् जवस घ्या, नव्वद दिवसांत आठवण परत; कंपन्या हे लपवतात; नुकसान काहीच नाही.

राग येतो तो गोळी सोडायच्या सल्ल्याचा. डोनेपेझिलनं रोग बरा होत नाही, हे डॉक्टरही सांगतात. पण काहींचं थोडंफार सावरलेलं असतं अन् गोळी सुटली की तेही जातं. काकाजी आंघोळीला अजून स्वतः जातात. ते थांबलं तर मेसेजवाला येणार आहे का बादली भरून द्यायला?

अन् हे बी-व्हिटॅमिन तपासून झालंय, बाप्पा. २००८ साली अमेरिकेत ४०९ अल्झायमर रुग्णांवरचा अभ्यास छापून आला. काहींना फोलिक ॲसिड, बी-६ अन् बी-१२चे मोठे डोस, बाकीच्यांना दिसायला तशीच पण बिनऔषधाची गोळी, सलग दीड वर्ष. रक्तातलं होमोसिस्टीन (बी-व्हिटॅमिन कमी पडलं की वाढणारा एक घटक) उतरलं, विसरणं मात्र थांबलं नाही. उलट मोठा डोस घेणाऱ्यांत उदासीच्या तक्रारी जास्त निघाल्या. दीड वर्षात जमलं नाही ते नव्वद दिवसांत कसं जमणार?

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. बी-१२ खरंच कमी असेल तरी माणूस विसरतो, हातपायांना मुंग्या येतात, अन् वेळेत इंजेक्शन मिळालं तर बराच सुधारतो. आपल्याकडे दूध, अंडी, मटण न खाणारे अन् शुगरसाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणारे काय कमी आहेत? म्हणून विसराळूपणा दिसला की रक्तातलं बी-१२ तपासून घ्याच. काकाजींचं निदानाच्या वेळीच तपासलं होतं, बरोबर निघालं.

जवस अन् शेवगा खुशाल खा, पण दोन्हीत बी-१२ नाही. कंपन्या लपवतात म्हणे! बी-कॉम्प्लेक्स काय धुऱ्यावर उगवते?

आणि ‘नुकसान काहीच नाही’ हेही खोटं. बी-६ मोठ्या डोसनं महिनोन्‌महिने घेतलं तर नसा खराब होतात, पाय बधिर पडतात, चालताना तोल जातो.